रहस्यकथेची पारख

ज्या पुस्तकास वाचक पुष्कळ, त्याचे मोल थोडे, असा एक समज आपल्या सुशिक्षित समाजात दृढमूल होऊन बसला आहे. घरातील वडील मंडळी रहस्यकथा मुलाच्या हातून काढून घेतात आणि निजानीज झाल्यावर तीच स्वतः वाचून संपवितात. टीकाकार तेवढेही करीत नाहीत. ते न वाचताच निकाल देतात. यात ग्रंथकारापेक्षा वाचकाचेच नुकसान अधिक. कारण त्या ढिगातील सकस कोणते व टाकाऊ कोणते, हे त्यास सांगणारा कोणी उरत नाही.

पुण्याच्या मंडईत नित्य जाणारी गृहिणी याहून अधिक विवेकाने वागते. 1886 साली रे मार्केट म्हणून उघडलेल्या व पुढे महात्मा फुले यांचे नाव लाभलेल्या त्या मंडईत ती वांगे घेते ते देठ पाहून, भेंडी घेते ती टोक मोडून. वांग्यास हापूसचा गोडवा नाही म्हणून ती नाक मुरडीत नाही. पण वांगे किडके निघाले तर 'भाजीच ती' म्हणून पिशवीतही टाकीत नाही. जिनसागणिक कसोटी निराळी; सवलत मात्र कोणासच नाही.

मग रहस्यकथेची कसोटी कोणती? आमच्या मते पहिली ही की, उकल आधी वाचकापुढे मांडलेल्या गोष्टींतूनच निघावी. शेवटच्या पानावर अवतरलेला अज्ञात भाऊ ही उकल नव्हे, फसवणूक होय. दुसरी, भाषा स्वच्छ असावी. तिसरी, परकी कल्पना घेतली तर ती या मातीत रुजावी. देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' रचले ते आपण वाखाणतो; तेव्हा रूपांतर हा स्वतःच दोष ठरत नाही.

या कसोट्यांवर बाबूराव अर्नाळकर (1906–1996) यांस लावून पाहू. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाने झुंजार व काळापहाड ही नावे घरोघर नेली आणि असंख्य लोकांस वाचनाची गोडी लाविली. त्यांची वाक्ये आटोपशीर, कथेस वेग मोठा. परंतु तो वेगच पुष्कळदा तर्काची जागा घेतो. साहस संपते तेव्हा नायक जसा होता तसाच उरतो, व पुस्तक पुन्हा हाती घ्यावेसे वाटत नाही. दुसऱ्या कसोटीस ते उतरतात, पहिलीस नेहमीच उतरतात असे नाही.

नारायण धारप (1925–2008) यांचा प्रांत भयाचा. तेथे उकलीपेक्षा विश्वास महत्त्वाचा. ते आधी आपल्या ओळखीचे मध्यमवर्गीय घर उभे करतात, नोकरी, संसार, शेजार दाखवितात, आणि मगच त्या घरात अमंगळ शिरू देतात. त्यांच्या कल्पनांवर पाश्चात्य भयकथांची छाया आहे, तरीही भीती वाटते ती आपल्याच माजघराची. तिसऱ्या कसोटीवर त्यांचे उत्तम लेखन निःसंशय उतरते. मात्र समर्थांसारखा सर्वसमर्थ तारक आला की संकटाची धार बोथट होते.

असे गुणदोष नावानिशी सांगणे हेच टीकेचे काम. गंभीर म्हणविणारी कादंबरीही पुष्कळदा किडकी निघते, तिला विषयाच्या थोरवीवर माफी मिळू नये. आणि रहस्यकथेस केवळ जातीवरून शिक्षा होऊ नये. वडील मंडळींनी मुलाच्या हातातील पुस्तक हिसकावण्याऐवजी ते वाचून त्याच्याशी वाद घालावा. ज्या मुलास लबाड उकल ओळखता आली, त्यास पुढे लबाड युक्तिवादही ओळखता येईल.