अंतऱ्याची उपेक्षा

आमच्या ख्यालांत विस्तार पुष्कळ, पण रचना नाहीं, असा आक्षेप पाश्चात्य संगीताशीं थोडाबहुत परिचय झालेल्या सुशिक्षितांकडून वारंवार ऐकूं येतो. त्यांच्या डोळ्यांपुढें व्हिएन्ना येथें कीर्तीस चढलेले हायडन (१७३२–१८०९), मोझार्ट (१७५६–१७९१) आणि बेथोव्हेन (१७७०–१८२७) हे असतात. त्यांच्या ‘सोनाटा’ रचनेची घडण खरोखरच रेखीव आहे. प्रथम एक स्वरवाक्य मूळ षड्जावर मांडावयाचें; दुसरें बहुधा पंचमासच षड्ज कल्पून मांडावयाचें; मग दोहोंचे तुकडे घेऊन परक्या षड्जांवरून भटकावयाचें; आणि अखेर दोन्ही वाक्यें मूळ षड्जावर आणून बसवावयाचीं. श्रोत्याला घरीं परतल्याचें सुख होतें तें येथें.

आमच्याकडे तंबोऱ्याचा षड्ज हालतच नाहीं. म्हणून परतीचें सुख आम्हांस कालांत शोधावें लागतें. गवई मुखडा सोडून दूर जातो आणि आवर्तन संपतां संपतां समेवर येतो. सभेची मान आपोआप हालते. हायडन जन्मला तेव्हां दिल्लीस महंमदशहाचें राज्य होतें आणि त्याच दरबारांत सदारंग ख्याल रचीत होता. दोघांना एकमेकांची वार्ताही नसावी. परंतु परतीची ओढ दोघांनीं सारखीच ओळखली होती.

मात्र सम हें लहान वर्तुळ झालें. ख्यालाचें मोठें वर्तुळ अस्ताई-अंतऱ्याचें. ध्रुपदाचे स्थायी, अंतरा, संचारी, आभोग असे चार भाग. ख्यालानें त्यांतले दोनच राखले. अस्ताई बहुधा मंद्र-मध्यांत फिरते, अंतरा तार षड्जास भिडून खालीं उतरतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं (१८४९–१९२६) महाराष्ट्रांत रुजविलेल्या ग्वाल्हेर गायकींत दोन्ही नीट म्हटल्यावांचून पुढें जाण्याची चाल नव्हती. अलीकडे मात्र विलंबितांत अंतरा गाळण्याची प्रथा बोकाळली आहे. अमीर खांसाहेब (१९१२–१९७४) तो पुष्कळदां वगळीत, हें खरें. पण त्यांच्या संथ आलापींत रागच पायरीपायरीनें तार सप्तकापर्यंत चढत असे. अनुकरण करणारांनीं अंतरा तेवढा टाकला, पायऱ्या बांधल्या नाहींत! रचनाहीनतेचा आक्षेप अशा गायनास लागू पडतो, ख्यालास नव्हे.

अंतरे मिळत नाहींत, ही सबब भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांनीं केव्हांच काढून घेतली. राहिली वेळेची सबब. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस तीनसाडेतीन मिनिटें मिळत. तेवढ्यांतही जुन्या गवयांनीं अस्ताई, अंतरा आणि चार ताना बसविल्या आहेत. विलंबितांत अंतऱ्यास लागून लागणार तीं दोनचार आवर्तनें!

खडवलीहून कल्याणास गाणें ऐकावयास आलेल्या रसिकाला कसाऱ्याकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीसाठीं बैठक अर्धी टाकून उठावें लागतें. त्याच्या पदरीं निदान ख्याल तरी पुरा पडावा. गाडी किती वाजतां आहे, हें गवयानें विचारूं नये. अंतरा मात्र तानांच्या आधीं म्हणावा.