चार पदरांची ऊब

अमेरिकेतलं आपलं हे मंडळ कसं उभं राहिलं, पहिला गणपती कोणाच्या तळघरात बसला, हे सभासदांना नव्याने सांगायला नको. त्याच तळघरात सुरू झालेल्या गोधडीच्या बैठकीविषयी मात्र लिहायलाच हवं.

ही बैठक टिकली ती माईंमुळे. गुडघे दुखत असतानाही खाली मांडी घालून बसणाऱ्या, बर्फ पडत असताना चार घरच्या बायकांना गाडीतून आणणाऱ्या माई आणि त्यांच्या दोघी सोबतिणी नसत्या, तर गोधडी आपल्या मुलांना फक्त पुस्तकातल्या धड्यात भेटली असती. त्यांचं ऋण मंडळाला फिटणारं नाही.

अमेरिकन क्विल्टमध्ये दोन कापडांच्या मध्ये कापसाचा थर असतो. आपल्याकडे जुनी लुगडी, धोतरंच एकावर एक अंथरायची, कडेपासून धावदोरा घालत फेर घेत मध्यावर यायचं. कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं. नव्यात सुई अडते, पॉलिएस्टर हाताखालून सरकतं.

गेल्या डिसेंबरातली ती संध्याकाळ विसरता येत नाही. मंडळातल्या एका घरची आजी गेल्यावर तिच्या नातवाने तीन महिने दर शनिवारी बसून आजोबांसाठी गोधडी शिवली. टाके वेडेवाकडे, पण एकेक त्याच्या हातचा. ती उलगडली तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प होते. मग बोट फिरवत ओळखू लागले. ही हिरवी इरकल मंगळागौरीची. ही विटकी वॉयल रोजची, हळदीचा डागही तसाच. कोपऱ्यात नातवाच्या दुपट्याचा तुकडा होता. "हे तिनंच शिवलं होतं रे," एवढंच ते म्हणाले. गोधडीची त्यांनी घडी केलीच नाही. खांद्यावर घेऊन तसेच घरी गेले.

आता काही घरांत छापील फोटोंचं कापड मशीनवर जोडून गोधडी मागवली जाते. नोकरी, मुलं, अंतरं सगळं समजतं. तुकडे मशीनवर जोडायला आपणही परवानगी दिली. ते माझ्या मनाला अजून लागतं. निदान धावदोरा तरी हातचाच राहू दे. फोटोत आजी नुसती दिसते. लुगडं तर तिने अंगावर वागवलेलं असतं.

मुलांनो, हे जुनाट समजू नका. याच देशात १९८७ साली वॉशिंग्टनला एड्सने गेलेल्यांच्या आठवणीची भलीमोठी गोधडी अंथरली होती. तीन बाय सहा फुटांचे १,९२० तुकडे. त्यांतले कितीतरी जिवलगांनी शिवलेले. गेलेल्या माणसाला कापडात जपण्याची रीत तुमच्या या देशालाही ठाऊक आहे.

आईची, सासूबाईंची जुनी लुगडी दान करून टाकण्याआधी एक सुती लुगडं मागे ठेवा. ते धुऊन पुढच्या बैठकीला आणा, आणि सोबत मुलालाही आणा. सुई-दोरा माई देतील.