कातिल आणि मसीहा : 'ओव्हरवॉच'मधील मोइरा

व्हिडिओ गेम हा आपल्याकडे अद्याप समीक्षेचा विषय मानला जात नाही. तथापि, विद्यार्थी ज्या कथाविश्वात तासन्‌तास वावरतात, त्यातील पात्ररचनेकडे शिक्षकाने दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. या दृष्टीने 'ओव्हरवॉच'मधील मोइरा हे पात्र विचारार्ह आहे.

ब्लिझार्ड कंपनीने हा खेळ २०१६ मध्ये बाजारात आणला. त्यात दोन संघ परस्परांशी लढतात आणि प्रत्येक संघातील काही पात्रे जखमी सहकाऱ्यांना बरे करतात. अशा पात्रांची ठळक प्रतिमा म्हणजे मर्सी ही स्विस डॉक्टर : पंख लाभलेली, देवदूतासारखी. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या मोइराने ही प्रतिमा उलटी केली. ती आयरिश जनुकशास्त्रज्ञ असून टॅलन या दहशतवादी संघटनेसाठी काम करते. ज्ञानासाठी माणसावर प्रयोग करण्यात तिला काही वावगे वाटत नाही. स्वतःचे शरीरही तिने त्यातून वगळलेले नाही.

तिचा दुष्टपणा केवळ पूर्वकथेत ठेवलेला नाही, तो खेळण्याच्या रीतीतच गुंफला आहे, हे या रचनेचे खरे वैशिष्ट्य होय. डाव्या हाताने ती सोबत्यांना बरे करते. उजव्या, विद्रूप झालेल्या हाताने शत्रूचा जीव शोषते. उपचाराची शक्ती मर्यादित असते. ती आपोआप भरते, पण सावकाश. शत्रूला इजा केल्यास लवकर भरते. म्हणजे एकाला वाचविण्यासाठी दुसऱ्याला दुखविणे सोयीचे ठरते. उर्दू गझलेतील माशूक एकाच वेळी कातिल आणि मसीहा असतो. तेथे तो विरोधाभास भावनेचा आहे, येथे तो हिशेबाचा झाला आहे.

या पात्राचे स्वागत कसे झाले, हेही पाहण्याजोगे आहे. तिच्या माऱ्याला काटेकोर नेम लागत नसल्याने अनेकांना ती सोपी आणि प्रिय वाटली. मात्र मोइरा घेणारा खेळाडू मारण्यात रमतो आणि सोबत्यांना मरू देतो, ही तक्रार खेळाडूंमध्ये कायमची होऊन बसली. या तक्रारीत तिच्या प्रयोगांचा उल्लेखही नसतो. कथेतील अपराध खेळाडू सहज माफ करतात. कर्तव्यात केलेली कसूर मात्र माफ करीत नाहीत. त्यामुळे नैतिक निवाडा पात्राऐवजी ते खेळणाऱ्या माणसावर येतो. रचनाकारांचे हे यश मान्य करावे लागेल.

कथेची बाजू मात्र तितकी भक्कम नाही. खेळातील ओएसिस हे नगर इराकमध्ये आहे. निर्बंधमुक्त संशोधनासाठी शास्त्रज्ञांनी ते वसविले आणि मोइरा तेथे जनुकशास्त्राची मंत्री आहे. नगर देखणे आहे, पण त्याला स्मृती नाही. नवव्या शतकात याच भूमीवर हुनैन इब्न इस्हाक हा ख्रिस्ती तबीब होऊन गेला. शत्रूसाठी विष तयार करण्याची खलिफा मुतवक्किलची आज्ञा त्याने तुरुंगवास पत्करूनही मानली नाही. आपला धर्म आणि आपला पेशा या दोहोंनी मनाई केली आहे, असे कारण त्याने दिल्याची कथा इब्न अबी उसैबिआच्या तेराव्या शतकातील चरित्रग्रंथात येते. 'वैद्याने काय करू नये' हा प्रश्न जेथे इतक्या पूर्वी विचारला गेला, त्याच भूमीवर तो मोइरासमोर ठळकपणे उभा केलेला नाही. त्यामुळे तिचे तत्त्वज्ञान तपासले न जाता नुसते आकर्षक राहते.

२०२२ मध्ये 'ओव्हरवॉच २'ने मूळ खेळाची जागा घेतली, तरी मोइराचे दोन हात तसेच राहिले. विज्ञानाच्या नीतीवर वर्गात चर्चा करताना हे उदाहरण उपयोगी पडेल. कोणत्या हाताला किती वेळ द्यायचा, हे मोइरा नव्हे, खेळणारा विद्यार्थीच ठरवीत असतो. चर्चेची सुरुवात तेथून व्हावी आणि मग हुनैनचा नकार त्याच्यापुढे ठेवावा.