झालरीखालची शिवण

प्रौढ बाईसाठी अल्लड, परकरी वयाचा वाटेल असा फ्रॉक रेखाटणं दिसतं तितकं सोपं नाही. लहान मुलीचं अंग वरपासून खालपर्यंत जवळपास सरळ असतं. छातीवर योक काढला, खाली चुण्या सोडल्या, की फ्रॉक झाला. तोच बेत तिशीतल्या बाईवर ठेवला तर कापड छातीवरून सुटून तंबूसारखं खाली येतं आणि ती गरोदर दिसते. कंबर कुठे धरायची, डार्ट कुठे लपवायचा, पफ बाही दंडाला न काचता कुठे संपवायची, हे कागदावरच सुटायला हवं. जपानी चित्रकारांनी हा प्रश्न फार मन लावून सोडवला. हल्लीची तिथली चित्रं पाहिली, की मात्र हात सफाईदार झाला आणि कात्रीचा विसर पडला असं वाटतं.

जुनिचि नाकाहारा (१९१३–१९८३) यांची रेखाटनं मी आजही सर्वांत वर ठेवीन. 'शोजो नो तोमो' या मुलींच्या मासिकातली त्यांची चित्रं १९४० साली लष्करी दडपणामुळे बंद झाली. युद्ध संपल्यावर त्यांनी १९४६ मध्ये स्त्रियांसाठी 'सोरेइयु' आणि पुढच्या वर्षी मुलींसाठी 'हिमावारी' काढलं. कापडाची टंचाई होती. जुने किमोनो उसवून, उरलेले तुकडे जोडून कपडे कसे करावेत हे ते चित्रांतून शिकवत. किमोनोच्या कापडाचा पन्हा जेमतेम ३६ सेंटिमीटर. घेर हवा तर पट्ट्या जोडणं आलंच, आणि जोड आला की तो कुठे दिसेल हे ठरवणंही आलं. त्यांच्या मुलींचे डोळे अवास्तव मोठे आहेत, हे खरं. पण गळ्याखाली चित्रकार एकदम व्यवहारी होतो.

१९८०च्या दशकात इसाओ कानेको यांच्या 'पिंक हाउस' या ब्रँडने फुलाफुलांच्या कापडाचे थरावर थर चढवले. तो मोह मला कळतो, पण त्या झालरींच्या गर्दीत बाई हरवते.

खरं वळण आलं ते जपानमधल्या लोलिता पेहरावाने. घंटेसारखा फुगलेला घेर, गुडघ्यापर्यंत लांबी, बंद गळा: हे कपडे घालणाऱ्या बायका स्वतःसाठी आणि मैत्रिणींसाठी नटतात. २००१ साली सुरू झालेल्या 'गॉथिक अँड लोलिता बायबल' या नियतकालिकामध्ये छायाचित्रांबरोबर शिवणाचे कागदी नमुनेही असत. पुढे 'अँजेलिक प्रिटी'सारख्या ब्रँडनी खास काढून घेतलेली चित्रं घेरावर छापायला सुरुवात केली. इमाई किरा यांची अशी काही चित्रं अप्रतिम आहेत. पण काठालगत चित्र छापलं, की कापड गोलाईत किंवा कळ्यांमध्ये कापता येत नाही, चित्र तुटतं. मग उरतो सरळ आयत, वरून चुण्या घालून कमरेला जोडलेला. पाठीला इलॅस्टिकचा पट्टा दिला की माप बऱ्याच जणींना चालतं. ही सोय मोठी, पण तिच्यामुळे फ्रॉकचा आकार गोठला. दर हंगामात केक किंवा सशांच्या जागी घोडे, एवढाच फरक.

संगणकाच्या पडद्यावरच्या रेखाटनांत तर लेसचा तयार ब्रश फिरवला की झालर उमटते. ती कशाला जोडली आहे, चेन कुठे आहे, बाईने हात वर केला तर काय होईल, हे विचारायचं नाही. पाठीची बाजू काढलेली क्वचित दिसते. लंडनच्या डिझायनर मॉली गॉडार्ड यांचं काम म्हणूनच तपासण्यासारखं आहे: हाताने केलेलं स्मॉकिंग अंगाबरोबर ताणतं, त्यामुळे ढीगभर ट्यूल असूनही त्यांचा फ्रॉक बाईला धरून राहतो.

छापील 'बायबल' २०१७ मध्ये थांबलं, आणि त्याबरोबर ते नमुन्यांचे कागदही. आता आशा वाटते ती घरी शिवणाऱ्या बायकांच्या वह्यांकडे पाहून. पुढची बाजू, मागची बाजू, आतल्या परकराची लांबी, शिवणीला किती माया ठेवायची, सगळं टिपलेलं. त्यांतले चेहरे बहुधा कच्चे, हात तर सरळ पाठीमागे लपवलेले. पण फ्रॉक शिवता येतो.