‘भर’ की परतफेड?

कॅनडातील ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणविणाऱ्या आदिवासी राष्ट्रांच्या भूमीचा विस्तार ज्या धोरणाने होतो, त्याचे नाव ‘राखीव भूमीत भर’ असे आहे. १९७२ पासूनच्या या धोरणाची २०१६ साली फेररचना झाली. नाव मात्र तेच राहिले. ‘भर’ या शब्दात देणाऱ्याचे औदार्य गृहीत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. १८७१ पासून झालेल्या करारांत कबूल केलेली जमीन अनेक राष्ट्रांना पुरती मिळालीच नाही. म्हणून सस्कॅचवानमध्ये १९९२ साली आणि मॅनिटोबात १९९७ साली नवे करारनामे करावे लागले. सस्कॅचवानमध्ये भरपाईच्या पैशातून राष्ट्रांनी राजीखुशीने विकणाऱ्यांकडून जमीन घ्यावयाची आणि ती राखीव व्हावी म्हणून सरकारकडेच अर्ज करावयाचा, अशी ही परतफेड होय.

‘राखीव’ म्हटले की राखणारा कोण, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर ‘इंडियन अ‍ॅक्ट’ देतो : मालकी राजसत्तेची, उपभोग जमातीचा. कर व जप्ती यांपासून संरक्षण मिळते, म्हणून राष्ट्रे हा दर्जा मागतात, हे नाकारता येत नाही.

२०१८ साली संमत झालेल्या कायद्याने अंतिम मंजुरी मंत्र्याच्या आदेशावर सोपविली. परंतु मोजणी, पर्यावरण-तपासणी, त्रयस्थांच्या हक्कांचा निकाल, नगरपालिकांशी विचारविनिमय हे आधीचे टप्पे उरलेच. ऋणकोला मुदतीचे बंधन नाही आणि धनको मात्र अर्जदार, ही वाक्यरचनाच प्रथम बदलली पाहिजे.