छोटी पेटी, मोठा आकडा

घरच्या चित्रपटासाठी सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, निवडताना वॅटचा आकडा भुलवतो. अमेरिकेतील बॉब कार्व्हर यांनी १९९६च्या सुमारास ११ इंची घनाकार ‘सनफायर’ आणला. प्रवर्धक मात्र २७०० वॅटचा! एवढी शक्ती कशाला? ४० हर्ट्‌झऐवजी २० हर्ट्‌झचा आवाज तितक्याच ध्वनिदाबाने काढायचा, तर स्पीकरच्या शंकूला चौपट हवा हलवावी लागते. शिवाय लहान पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी त्याला विरोध करते. म्हणजे युक्ती कौतुकास्पद असली तरी मोठा आकडा ही आकार आटोपशीर ठेवल्याची किंमत आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे. म्हणून दुकानदाराला वॅट विचारू नका. ‘किती हर्ट्‌झला, किती डेसिबल?’ हे विचारा. विद्यार्थ्यांनाही जाहिराती अशाच वाचायला शिकवा.