चारूकडे कुणी काय मागितले?

सत्यजित राय यांच्या 'चारुलता'विषयी बोलणे निघाले की तिची गोष्ट बहुधा एका दमात सांगितली जाते. नवरा वर्तमानपत्रात बुडालेला, बायको एकटी, घरात कविमनाचा देखणा दीर येतो, त्याच्या कौतुकाने ती भारावते आणि व्हायचे ते होते. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही मी ती अशीच ऐकली आहे. सांगणारे गृहस्थ इतिहासाचे होते, आणि घरच्या लक्ष्मीकडे लक्ष द्यावे असे तात्पर्यही त्यांनी शेवटी जोडले. या सारांशातले एक कलम मला मान्य नाही. दिराच्या कौतुकाने ती भारावते, हे ते कलम. अमल हा चारूचा चाहता नाहीच. चाहती असेल तर ती चारू आहे. हे ध्यानात घेतले नाही तर रवींद्रनाथांची 'नष्टनीड' (१९०१) ही दीर्घकथाही कळत नाही आणि तिच्यावरचा रायांचा १९६४ चा चित्रपटही.

चित्रपटाचा काळ १८७९-८० चा, स्थळ कलकत्ता. पहिली काही मिनिटे जवळजवळ मुकी आहेत. चारू (माधवी मुखर्जी) रुमालावर नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर भरते, कपाटातून बंकिमचंद्रांचे पुस्तक काढते, आणि मग मूठ असलेली छोटी दुर्बीण घेऊन खिडकीच्या झडपांतून रस्ता पाहू लागते. छत्री घेतलेला एक लठ्ठ गृहस्थ जातो. तो दिसेनासा होऊ नये म्हणून ती एका खिडकीतून दुसरीत, तिथून तिसरीत धावते. एवढ्यात भूपती पुस्तकात डोके घालून तिच्या शेजारून जातो. ती आहे हे त्याच्या गावीही नाही. तो पाठमोरा झाल्यावर चारू तीच दुर्बीण त्याच्यावर रोखते. रस्त्यावरचा परका माणूस आणि घरचा धनी एकाच भिंगातून, सारख्याच अंतरावरून. पुढे दोन तास जे चालते त्याचे बी या एका हालचालीत पेरलेले आहे. मात्र एक गोष्ट पाहावी. या प्रसंगात तिच्याकडे कुणी बघत नाही, हे सगळ्यांना दिसते. पण बघते आहे ती चारूच, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते.

भूपती दुष्ट नाही, ही या कथेची खरी अडचण. आपल्याकडच्या सामाजिक नाटकांनी आपल्याला दारुड्या किंवा जरठ नवऱ्याची सवय लावली. तसा नवरा असला की निवाडा सोपा होतो. भूपती निर्व्यसनी, उदार, प्रागतिक आहे. पत्नी एकटी पडते हे त्याला कळते, म्हणून तो मेहुण्याला बायकोसह घरी आणून ठेवतो. तिला वाङ्मयाची ओढ आहे हेही त्याला कळते, म्हणून आतेभाऊ अमलला तो सांगतो की तिच्या नकळत तिला लिहिते कर. म्हणजे पत्नीकडे लक्ष देण्याचे कामही हा सद्गृहस्थ दुसऱ्याकडे सोपवतो, हापिसातले टिपण खाली पाठवावे तसे. तिकडे १८८० साली विलायतेत ग्लॅडस्टनचा पक्ष निवडून येतो तर इकडे त्याच्या दिवाणखान्यात मेजवानी होते. हजारो कोसांवरची निवडणूक ज्याला बारकाव्यानिशी ठाऊक आहे, त्याला माजघर ठाऊक नाही. राय हे रागाने सांगत नाहीत. शैलेन मुखर्जींनी भूपती इतका लोभस केला आहे की आपल्याला त्याच्यावर चिडताच येत नाही.

मग चारूला कमी काय होते? रवींद्रनाथांनी याचे कारण फार नेमके ओळखले आहे, आणि भाषांतरातून वाचणाऱ्या माझ्यासारख्यालाही ते लख्ख दिसते. त्या श्रीमंत घरात चारूकडे कुणी काही मागत नाही. नोकरचाकर आहेत, नवऱ्याची कसली तक्रार नाही, हट्ट नाही. मागतो तो एकटा अमल. त्याला तिने स्वतः विणलेले पायताण हवे, मच्छरदाणीला नक्षी हवी, हे खायला हवे, ते घ्यायला पैसे हवेत. ती कुरकुरते, चिडवते आणि रात्र रात्र बसून पुरे करते. दोघे मिळून परसातल्या पडीक तुकड्यावर बाग करायचे बेत आखतात. बाग होत नाही, बेत मात्र वाढत जातात. अमलचे लक्ष या सगळ्यात स्वतःवरच आहे. आपली वाक्ये, आपली कीर्ती, आपले कोडकौतुक. त्याला श्रोता हवा होता, तो मिळाला. चारूला मात्र आपण कुणाला तरी हव्या आहोत हे प्रथमच कळले. आमच्या एकत्र कुटुंबांत धाकट्या भावजींचे लाड पुरवताना वहिनींची आयुष्ये गेली, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणूनच झोपाळ्याचा गाजलेला प्रसंग मला प्रेमप्रसंगापेक्षा वाङ्मयीन कराराचा वाटतो. चारू झोके घेते आहे, अमल खाली चटईवर पालथा पडून लिहितो आहे. वही तिने दिलेली. अट एवढीच की तिच्यातले लेखन छापायचे नाही. अमल ते छापतो. झालेला घाव मत्सराचा नव्हे, विश्वासभंगाचा आहे. उत्तरादाखल चारू स्वतः लिहायला बसते. आधी कोकिळेच्या हाकेवर काही कवितेसारखे, अमलच्याच वळणाचे. ते फाडून टाकते. मग तिला आपले गाव आठवते, आणि तिच्या चेहऱ्यावर नाव, जत्रा, दारूकाम, चरख्यापाशी बसलेली म्हातारी अशी चित्रे तरळत जातात. अलंकारांचा सोस सोडून ती आपले पाहिलेले लिहिते. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला सर्वांत मोलाचा क्षण हा आहे. मराठी शिकवताना आयुष्य गेले, म्हणून कदाचित तो मला अधिक भिडत असेल. लेख छापून येतो. चारू तो अंक अमलच्या डोक्यात हाणते आणि पुढच्याच क्षणी त्याला बिलगून रडते, आता पुन्हा लिहिणार नाही म्हणते. लोकांनी वाचावे म्हणून तिने लिहिलेच नव्हते. मूळ कथेत तर एक टीकाकार तिच्या लेखनाची स्तुती करतो आणि अमलच्या लेखनाला झोडपतो. त्या दिवसापासून अमलच दुखावतो. ज्याला चाहता म्हणायचे तो असा!

पुढे मेहुणा पैसे खाऊन पळतो, वर्तमानपत्र बुडते. चित्रपटात भूपती अमलपाशी मन मोकळे करतो, की घरच्याच माणसाने विश्वास मोडला तर जगावे कसे. ते ऐकता ऐकता अमलला आपण कुठे उभे आहोत ते उमगते आणि तो रात्रीत निघून जातो. सौमित्र चटर्जींचा चेहरा या ठिकाणी काहीच करत नाही, आणि ते फार चांगले आहे.

माझी तक्रार यानंतरच्या भागाविषयी आहे. मूळ कथेत अमल विलायतेला गेल्यावर चारू चोरून दागिने गहाण टाकते आणि त्याची खुशाली विचारणारी तार करते, उत्तराचे पैसे आगाऊ भरून. उत्तर येते, आपण बरे आहोत एवढेच, आणि ते भूपतीच्या हाती पडते. घराबाहेर पाऊल न टाकलेली बाई सावकार आणि तारघर गाठते, यात तिच्या ओढीचे जे माप मिळते ते चित्रपटातल्या रडण्यात मिळत नाही. कथेपासून राय दूर गेले, अशी टीका अशोक रुद्र यांनी त्याच काळात केली होती आणि रायांनी सविस्तर लेखी उत्तर दिले होते. त्या वादात मी बहुतेक रायांच्या बाजूचा आहे, तारेपुरता नाही. रवींद्रनाथ आणि त्यांच्या वहिनी कादंबरीदेवी यांचे नाते या कथेत शोधण्याचा छंद मात्र मला नाही. १८८३ साली रवींद्रनाथ आमच्या शेजारच्या कारवारला बंधूंकडे येऊन राहिले होते. ते तिथला समुद्र पाहताना काय आठवत होते, हे विचारण्याचा आपल्याला काय अधिकार?

शेवटही दोघांचे वेगळे. कथेत भूपतीला म्हैसूरच्या एका वर्तमानपत्राचे काम मिळते. मलाही ने, असे चारू म्हणते. तो कचरतो, मग चल म्हणतो. तेव्हा ती राहू दे म्हणते. चित्रपटात तीच हात पुढे करते, तोही करतो, आणि दोन हात एकमेकांना भिडण्याआधी चित्र गोठते. कथेतला नकार मला अधिक कठोर आणि अधिक चारूचा वाटतो. पण रायांनी त्याआधी एक प्रसंग घातला आहे, त्याला तोड नाही. अमल गेल्यानंतर नवराबायको समुद्रकाठी जातात. बोलता बोलता वर्तमानपत्र पुन्हा काढायचे ठरते, इंग्रजी भूपतीचे आणि बंगाली चारूचे. लग्नानंतर प्रथमच नवऱ्याला तिच्याकडून काहीतरी हवे असते. दोघे आनंदाने घरी परततात, आणि घरी अमलचे पत्र येऊन पडलेले असते.